आटेल शे, मरेल नही

जळगावच्या मेहरूण तलावाला एक चक्कर झाली की आमची पाच जणांची बैठक बसते. सगळे पेन्शनर. दोन मास्तर, एक बँकेतले, एक एसटीतले आप्पा, आणि मी मोजणी खात्यातला. बैठकीला विषय लागत नाही, पेपर लागतो. २०२५ च्या मे महिन्यात पेपरात पुरंदर होतं. विमानतळासाठी सात गावांची जमीन, ड्रोन उडवून मोजणी करायला गेलेली माणसं, त्यांना अडवणारे गावकरी, मग लाठ्या. मागे अंजिराच्या नि सीताफळाच्या बागा.

आप्पांनी पेपराची घडी करून मांडीखाली सारली. "आपल्याकडे धावपट्टी आहे तर विमान नाही. त्यांच्याकडे विमान चालत येतंय तर त्यांना नको. आता काय म्हणावं?"

कुणी काही म्हटलं नाही, कारण सगळ्यांना तसंच वाटत होतं. मलाही. आमचं कुसुंब्याचं विमानतळ २०१२ साली सुरू झालं, देशाच्या राष्ट्रपती जळगावच्या होत्या तेव्हा. मोठा थाट झाला. पुढे नेमानं येणारं प्रवासी विमान बघायला २०१७ चा डिसेंबर उजाडला, आणि ते लवकरच बंदही पडलं. मग दुसऱ्या कंपनीचं आलं, तेही गेलं. आता पुणे, गोवा, हैदराबाद अशी नावं पुन्हा ऐकू येतात. पंख्याचं लहान विमान. ते अजिंठा रोडच्या बाजूनं घरघरत खाली येऊ लागलं की आमच्या कॉलनीत गच्चीवर पापड घालणाऱ्या बायका अजून मान वर करून बघतात. "आज वेळेवर आलं," असं म्हणतात, माहेरून यायच्या एसटीबद्दल बोलावं तसं. या आवाजाचा कुणाला त्रास होत असेल हे आमच्या डोक्यातच येत नाही.

एक मात्र तेव्हाही खटकलं होतं. पेपरात शब्द होता 'विरोध'. आमच्या कागदावर तो शब्द कधीच नसे. भूसंपादनाच्या नोटिशीत लिहिलेलं असतं, ज्यांची हरकत असेल त्यांनी मुदतीत कळवावं. जुन्या १८९४ च्या कायद्यात कलम ५-अ खाली ३० दिवस मिळत, २०१३ च्या नव्या कायद्यात कलम १५ खाली ६० दिवस मिळतात. बोलताना आपण दिवसातून दहा वेळा 'काही हरकत नाही' म्हणतो. पण ज्याची खरोखर असते त्याच्या हरकतीचा, ती ऑफिसातून पेपरात जाईपर्यंत, विरोध झालेला असतो.

त्याच जूनमध्ये मी पोरीकडे लंडनला गेलो. पहिलाच परदेश. मुंबईहून बसलो आणि सकाळी साडेसहाच्या सुमारास उतरलो. उतरायच्या आधी खाली घरांच्या रांगाच रांगा दिसल्या, मागच्या अंगणात वाळत घातलेले कपडे ओळखू येतील इतक्या जवळ. मला गंमत वाटली. पोरगी नंतर म्हणाली, "बाबा, त्यातलंच एक घर आपलं."

हाउन्स्लो हे त्या भागाचं नाव. हीथ्रो विमानतळाच्या पूर्वेला. वारा बहुतेक पश्चिमेचा असतो, त्यामुळे उतरणारी विमानं याच वस्तीवरून जातात. विमानाच्या वाटेवरचं घर थोडं स्वस्त पडतं, म्हणून तिथं राहायचं. जावई कानात बोळे घालून झोपतो. पोरगी म्हणाली, "सवय होते. मला तर आता ऐकूही येत नाही."

माझी पहिली रात्र मजेत गेली, कारण मी झोपलोच नव्हतो. दुसऱ्या रात्री पावणेपाचला असा आवाज आला की मला वाटलं मालगाडी छतावरून चाललीय. भुसावळला रेल्वेच्या चाळीत माझी मामी राहायची, तिच्याकडे मी लहानपणी रात्रभर शंटिंग ऐकत झोपलेलो आहे, मला आवाजाचं कौतुक सांगू नका. पण गाडीचा आवाज लांबून येतो, लांब जातो. हा वरून येतो. खिडकीची काच थरथरते, मग तांब्यावरचं फुलपात्र वाजतं, मग शांत. आणि ती शांतता जास्त वाईट. पुढचं कधी येणार म्हणून माणूस कान टवकारून पडून राहतो.

शेजारी एक सरदारजी राहतात. जालंधरकडचे, सत्तरच्या दशकात आलेले. सगळी नोकरी विमानतळावरच केली, बॅगा चढवण्या-उतरवण्याच्या कामात. मुलगाही आज तिथंच आहे. त्यांच्या घराच्या खिडकीत तिसऱ्या धावपट्टीला 'नको' म्हणणारा कागद चिकटवलेला. मी त्यांना हिंदीत विचारलंच, की ज्याच्या जिवावर घर बांधलं त्यालाच नको कसं म्हणता? ते हसले आणि आत जाऊन एक वही घेऊन आले.

मी आयुष्यभर इतरांच्या वह्या तपासल्या. वही बघून माणूस कळतो मला. ही शाळकरी रेघांची, पुठ्ठ्याला चिकटपट्टी लावलेली, अशा त्यांच्याकडे अजून अकरा होत्या. डावीकडे तारीख, मग वेळ, मग एक रकाना वाऱ्याच्या दिशेचा, आणि शेवटचा अगदी अरुंद रकाना. त्यात एक तर फुली असे किंवा बरोबरची खूण. फुली म्हणजे त्या विमानानं जाग आली. बरोबर म्हणजे आधीच जागे होते. ४:४२ फुली. ४:४९ बरोबर. ४:५६ बरोबर. ५:०५ बरोबर. त्या सकाळी त्यांनी मग झोपायचा नाद सोडलेला दिसत होता. सातपर्यंतच्या नोंदी होत्या. मी हळूच माझ्या येण्याची तारीख काढली. ६:२६ ला एक नोंद होती. बरोबरची खूण. आमच्यामुळे उठले नव्हते, एवढंच समाधान.

त्यांनी मला जे समजावलं ते मी नंतर स्वतः वाचून पडताळलं, सवयच आहे. हीथ्रोला दोनच धावपट्ट्या. वर्षाला ४ लाख ८० हजार उड्डाणांची मर्यादा आणि विमानतळ तिला टेकलेलं, म्हणजे दिवसाला १,३०० च्या वर विमानं चढ-उतार करतात. रात्री साडेअकरा ते पहाटे सहा यात वर्षाला ५,८०० ची वेगळी मर्यादा. ती बहुतेक पहाटेच वापरली जाते, आशियाकडून रात्रभर उडत आलेल्या विमानांसाठी. म्हणजे आपल्यासाठी. दिवसा एक सोय आहे. वारा पश्चिमेचा असला की एका धावपट्टीवर विमानं उतरतात नि दुसरीवरून चढतात, आणि दुपारी ३ वाजता अदलाबदल होते. त्यामुळे प्रत्येक वस्तीला अर्धा दिवस उसंत मिळते. आठवड्याला पाळी बदलते. तिथल्या लोकांना ही पाळी आपल्याकडे कालव्याच्या पाण्याची पाळी पाठ असते तशी पाठ असते. कुणाच्या नातवाचा वाढदिवस अंगणात करायचा तर आधी ती बघतात. तिसरी धावपट्टी आली की या उसंतीचा वाटा कमी होणार, हे सरदारजींचं म्हणणं. विमानतळ राहू दे, त्यांची मूळ तक्रार विमानतळाबद्दल नव्हतीच.

"पण सरकार आवाज मोजतं ना?" मी विचारलं.

मोजतं. नीट मोजतं. दिवसाचा आवाज सकाळी ७ ते रात्री ११ अशा १६ तासांचा, रात्रीचा उरलेल्या ८ तासांचा, आणि त्याची सरासरी काढून नकाशावर वळणं काढतात, आपण उंचीची काढतो तशी. कुठल्या वळणाच्या आत घर येतं त्यावर दुहेरी काचा मिळणार की नाही हे ठरतं. पण रात्रीच्या सरासरीत साडेअकरा ते साडेचारची निवांत रात्रही येते. पाहुणे वाढले की ताकात पाणी घालावं तशी ती निवांत रात्र पहाटेच्या चार विमानांत ओतली जाते.

"अ‍ॅव्हरेज से मेरी नींद नहीं टूटती, भाईसाहब," सरदारजी म्हणाले. "जहाज से टूटती है."

तिथल्या आठ रहिवाशांनी याच पहाटेच्या विमानांसाठी पार युरोपच्या मानवाधिकार न्यायालयापर्यंत धडक मारली होती. २००१ मध्ये ते जिंकले, २००३ मध्ये त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठानं झोपेचा मुद्दा फिरवला. तिसऱ्या धावपट्टीचंही तसंच चाललंय. २००९ मध्ये सरकारनं हो म्हटलं, २०१० मध्ये सरकार बदललं नि नाही झालं, २०१८ मध्ये संसदेनं हो म्हटलं, २०२० च्या फेब्रुवारीत न्यायालयानं अडवलं, डिसेंबरात वरच्या न्यायालयानं मोकळं केलं, २०२५ च्या जानेवारीत सरकारनं पुन्हा पाठिंबा दिला. आमच्याकडच्या पाडळसऱ्याच्या धरणाची आठवण यावी अशी रखडपट्टी. या पंधरा-सोळा वर्षांत सिप्सन, हार्मंड्सवर्थ, लाँगफर्ड या गावांतली माणसं घराला रंग द्यावा की नाही या विचारात आहेत. ज्याच्या गटावर संपादनाचा शिक्का बसलाय त्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. तो नवी पाइपलाइन टाकत नाही, मुलीच्या लग्नाला तुकडा विकू शकत नाही, बँक दारात उभं करत नाही.

एक किस्सा मात्र मोजणीदाराला हसवणारा. २००९ मध्ये पर्यावरणवाल्यांनी सिप्सनजवळ एकरभर जमीन विकत घेतली आणि तिच्यात हजारो लोकांना नावानिशी भागीदार करून घेतलं, म्हणजे संपादन करायचं तर इतक्यांना नोटीस काढा! मी डोळ्यांसमोर त्याचा सातबारा आणून बघितला. एका गटाला चाळीस वारस असले तरी आमचा जीव जायचा.

हीथ्रो हे नाव कुठलं, तेही सरदारजींमुळेच कळलं. ती एक वाडी होती. भोवती फळबागा आणि भाजीपाल्याचे मळे, लंडनच्या बाजारात माल जायचा. १९४४ मध्ये युद्धाच्या आणीबाणी अधिकारांत हवाई दलासाठी म्हणून ती ताब्यात घेतली, घरं पाडली. शांततेच्या काळात असती तशी हरकतींवर सुनावणी घ्यायची पायरीच त्यामुळे वगळता आली. हवाई दलाला मोठी गरज नव्हतीच, पुढच्या मुलकी विमानतळासाठीच हा मार्ग काढला होता, असं त्या वेळच्या एका उपमंत्र्यानं म्हातारपणी आत्मचरित्रात कबूल केलं. १९४६ मध्ये प्रवासी विमानं सुरू झाली, तेव्हा प्रवासी तंबूत बसत. वाडीतलं आज काही नाही. आठ कोटी प्रवासी दर वर्षी तिचं नाव तिकिटावर वाचतात.

आणखी एक. सरदारजींनी फोनवर एक फोटो दाखवला. हाउन्स्लोतल्या एका लहान मुलांच्या शाळेच्या अंगणात घुमटासारख्या खोल्या, पोत्यांत माती भरून, रचून, लिंपलेल्या. विमानाच्या आवाजात बाईंचं बोलणं ऐकू येत नाही म्हणून. मैदानावर खेळता-खेळता मुलं तिथं जाऊन बसतात. मी तो फोटो बराच वेळ बघत बसलो. माझ्या आजोळी धाब्याचं घर होतं, दोन हात रुंद मातीच्या भिंती, वर पांढरी माती. आत बसलं की बाहेर बैलगाडी आलेली कळायची नाही. ते पाडून मामानं स्लॅब टाकला तेव्हा आम्ही पेढे वाटले होते.

तर त्या वहीचा तो अरुंद रकाना. रात्री तो डोळ्यांपुढून जाईना, आणि एक नाना आठवले.

पारोळा तालुक्यातलं गाव. रस्त्याच्या रुंदीकरणासाठी संयुक्त मोजणी. मे महिना, दुपारचे दीड. माझ्याबरोबर रस्त्याच्या खात्याचा माणूस, तलाठी, कोतवाल. पत्रकात एक रकाना असतो, पाण्याचं साधन. त्यावर जमीन जिरायत धरायची की बागायत हे ठरतं, आणि त्यावर दर. नानांच्या बांधाला एक विहीर होती. मी वाकून बघितलं, तळाला पालापाचोळा, एक फुटकी घागर, ठणठणीत कोरड. नाना सत्तरीचे, धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं, माझ्या खांद्याजवळून कागदात बघत होते. वाचता येत नव्हतं त्यांना.

"साहेब, कागदवर मनी विहिर शे का?"

"नाना, पाणी कुठंय तिच्यात?"

"आटेल शे साहेब, मरेल नही. लिखी ल्या ना."

दोन पावसाळे धड झाले नव्हते. चांगला पाऊस झाला की ती भरते, हे नाना सांगत होते आणि तलाठीही मान हलवत होता. मला ऊन लागलं होतं. जेवण गावातल्या सरपंचाकडे होतं, भरीत झालेलं होतं, निरोप दोनदा येऊन गेला होता. मी लिहिलं, 'पडीक विहीर, वापरात नाही'. खोटं काही लिहिलं नाही. त्या दिवशी ती वापरात नव्हतीच. नानांनी पुढे हरकत दिली. तिच्यावर अभिप्राय द्यायला ती माझ्याकडेच आली, आणि मी माझ्याच पत्रकाचा हवाला देऊन ती निकाली काढली. जमीन जिरायतीच्या दरानं गेली.

अक्षर माझं चांगलं होतं. साहेब लोक त्याचं कौतुक करायचे.

२०१८ च्या जानेवारीत शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणच्या धर्मा पाटलांनी मंत्रालयात विष घेतलं, काही दिवसांनी ते गेले. वीज प्रकल्पासाठी घेतलेल्या पाच एकरांचे जेमतेम चार लाख मिळाले होते. शेतात आंब्याची झाडं होती, ती मोजदादीत धरली नाहीत, ही त्यांची तक्रार. ऐंशीच्या घरातला माणूस वर्षानुवर्षं फेऱ्या मारत होता. ते प्रकल्प नको म्हणत नव्हते. झाडं मोजा म्हणत होते. त्या आठवड्यात आमच्या बैठकीत सगळे सरकारला शिव्या देत होते, मी चहा पीत होतो. मी तोवर रिटायर झालो होतो, तरी.

लंडनहून आल्यावर मी आपल्याकडचे नियम काढून वाचले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालापासून आहे. मग २०१८ मध्ये विमानतळांसाठी वेगळी अधिसूचना निघाली. वर्षाला ५० हजारांच्या वर चढ-उतार असलेल्या विमानतळाला 'गर्दीचं' म्हणायचं, आणि त्याच्या परिसरात दिवसा ७० नि रात्री ६५ पर्यंत चालेल. म्हणजे मुंबई विमानतळाजवळच्या कुर्ल्यातल्या माणसाचा कान विमानतळापासून लांब राहणाऱ्या माणसापेक्षा रात्री २० डेसिबलनं घट्ट असतो, असं कायदा धरून चालतो. डेसिबलचा हिशेब साधा बेरजेचा नाही. दर दहाला आवाजाची ऊर्जा दहापट होते. आमच्या कुसुंब्याला गर्दीचं व्हायला दिवसाला १३७ विमानं लागतील. आप्पांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "होऊ दे ना मग!"

मी आप्पांशी वाद घातला नाही. मलाही पुण्याचं विमान हवंच आहे. गुडघ्यांचा डॉक्टर तिकडे आहे. फक्त त्या सात गावांतल्या कुणाचा फोटो पेपरात आला की मी आता चेहरा बघत नाही, मागे काय आहे ते बघतो. शेततळं आहे का, ठिबकच्या नळ्या आहेत का, झाडं किती वर्षांची दिसतात. आणि ड्रोनला वरून आटलेली विहीर कशी दिसत असेल. बहुधा खड्डा.

पोरगी रोज सकाळी व्हॉट्सॲपवर 'गुड मॉर्निंग बाबा' पाठवते, खाली एक फूल. गेली तीन वर्षं. मी बघतो, अंगठा दाखवतो, चहा पितो. परवा सहज तिचे जुने मेसेज वर सरकवत गेलो आणि एका जागी थांबलो. मग कागद घेतला, दोन रकाने आखले, तारीख आणि वेळ. उन्हाळ्यात तिच्याकडचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. काही आठवडे मेसेज दुपारी बाराच्या पुढे आलेत, म्हणजे ती साडेसातला उठून निवांत पाठवते आहे. मग काही आठवडे सलग सव्वानऊ, नऊ वीस, नऊ सतरा. हिवाळ्यात सव्वादहा. पुन्हा काही आठवडे दुपारचे. पुन्हा सव्वानऊ. पाळी बदलावी तसं.

तीन वर्षं हे माझ्या हातात होतं.

आज मेसेज आला तेव्हा मी लगेच टाइप केलं, "झोप झाली का गं?" दोन खुणा तिथल्या तिथं निळ्या झाल्या.

"मस्त झाली बाबा. तुमचा चहा झाला का?"

वेळ बघितली. १०:१४.